बाई, नेट साचत नाही

बाई, तुझ्या तेरवीच्या दिवशी नेट बंद पडलं. पंगत बसली होती, भाजीच्या बादल्या घेऊन वाढणारे निघाले होते आणि सुरतची आपली मावशी व्हिडिओवर हात जोडून बसली होती. म्हातारीला प्रवास झेपत नाही, म्हणून विशालने, तुझ्या लेकाने, तिला सगळं फोनवर दाखवायचं कबूल केलं होतं. तुझ्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि नेमकी तेव्हाच मावशी गायब झाली. विशाल फोन हलवतोय, कोणी छतावर जा म्हणतंय, कोणी वायर काढून पुन्हा लाव म्हणतंय. शेजारची शेवंता हातातलं ताट तसंच धरून म्हणाली, "बाई असत्या त आता साऱ्याईले फोन बंद करा म्हणल्या असत्या!" आधी एक हसली, मग दुसरी, मग अख्खी पंगत हसली. तेरवीला लोक इतके हसलेले मी कधी पाहिले नाहीत. मीही तोंडाला पदर लावून हसले आणि त्याच पदराआड रडूनही घेतलं.

तू माझी थोरली बहीण आणि थोरली जाऊसुद्धा. एकाच घरातल्या दोन भावांना दिलेल्या आपण दोघी. गावातल्या बायका मला विचारायच्या, यातलं खरं नातं कोणतं? मी सांगायचे, भाजी वाटताना बहीण, भांडताना जाऊ. हे तुझ्या कानावर गेलं की तू कोथिंबिरीची, म्हणजे आपल्या सांबाराची, मोठी जुडी माझ्या ओट्यावर आणून टाकायचीस आणि लगेच भांडायला सुरुवात करायचीस. दोन्ही नाती एका फेरीत उरकायची तुझी पद्धत.

आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण नेटचं. ते अजून मिटलेलं नाही. तू गेलीस म्हणून मी माघार घेतली, असं मुळीच समजू नकोस.

वायर यायच्या आधीचे दिवस आठवतात का गं? रिठदच्या अलीकडचं आपलं गाव, वाशिमच्या वाटेवर. पण सिग्नल दोनच ठिकाणी. एक घराच्या छतावर, पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर, आणि दुसरं मळ्यात, विहिरीच्या काठावर. रोजचा ठरलेला डेटा मिळायचा आणि तो दुपारच्या जेवणाआधीच संपायचा. तू सकाळी वाशिमच्या बाजारातले भाव बघायचीस, मग जरा विसावा म्हणून दूरदेशीच्या लोकांचे मळे बघत बसायचीस. "पाह्य वं, यायचे टमाटे कसे! जसे काय पुसून ठेवले," असं म्हणेपर्यंत ते गोल चक्र फिरायला लागायचं. "लागलं बैलावानी घाण्याले," म्हणून तू फोन पदरात बांधायचीस आणि मेथी खुडायला बसायचीस. तुझा तेवढ्यात राग जायचा, माझा जात नसे. पैसे पूर्ण भरायचे आणि दिवस अर्धाच मिळायचा, याला काय म्हणावं?

माझं तर पोटच त्यावर होतं. घरी ब्लाउज शिवता शिवता मी फोनवरून क्लास सुरू केला, तेव्हा तूच आधी टर उडवली होतीस. "फोनातून कापड कापतीस काय?" पण बायका जमल्या. लांबच्या खेड्यांतल्या, ज्यांना घर सोडून तालुक्याला येणं शक्य नाही अशा. त्यांत मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची कमल होती. दसरा झाला की त्या तांड्यावर गाडी येते आणि माणसं ऊसतोडीला जातात. पोरंही बरोबर जातात आणि शाळा मागे राहते. कमलला जायचं नव्हतं. नीट ब्लाउज शिवता आला तर आसपासचं शिवणकाम मिळेल आणि दोन्ही लेकरांना घेऊन घरीच राहता येईल, एवढाच तिचा हिशेब. तिचं ते सगळं माझ्या फोनवरच्या सिग्नलच्या दोन काड्यांवर टांगलेलं होतं.

आणि त्या काड्या काय होत्या ते तू डोळ्यांनी पाहिलंस. पाठीचा भाग कापायचा धडा होता. कापड दुमडून, घडी तशीच ठेवून बाकीच्या बाजूंनी कापायचं असतं. माझी कात्री नुसती घडीवर टेकली होती आणि चित्र तिथेच अडकलं. कमलला वाटलं, ताई इथेच कापायला सांगतायत. तिने घडी कापली. चित्र परत आलं तेव्हा तिच्या हातात पाठीचे दोन तुकडे होते आणि डोळ्यांत पाणी. नवं कापड होतं गं ते. तू माझ्या शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होतीस. तू फोनसमोर तोंड घातलंस आणि म्हणालीस, "रडून काय राह्यली, पोरी? मांगून बटनं लाव त्याले. आता शहरातल्या बाया तसेच घालतात, पैसे जास्ती देऊन!"

कमल हसली, सगळा क्लास हसला. पुढच्या वेळी तिने खरंच मागून बटणं लावलेला ब्लाउज दाखवला आणि चांगला शिवला होता. तेव्हापासून तू माझ्या क्लासची कायमची सभासद झालीस. शिकायचं काहीच नाही, शेंगा सोलायच्या आणि मध्ये मध्ये बोलायचं. बायका माझ्याआधी तुलाच रामराम घालायच्या. मला थोडं लागायचं, खोटं का बोलू?

मग वायर आली. कंपनीचा माणूस मोटारसायकलवर येऊन आपल्या ओट्यावर बसला, चहा प्याला आणि महिन्याचे पैसे सांगितले. ते ऐकून माझा चहा गार झाला. वर म्हणाला, महिन्याचं ठरलेलं माप संपलं की नेट हळू होईल. तू वांग्यांची टोपली बाजूला सारलीस. "म्हंजे एवढे पैसे घेऊनबी माप मारता काय तुमी?" भाजी विकणाऱ्या बाईला माप मारणं म्हणजे काय ते पक्कं ठाऊक. तो बिचारा म्हणाला, "बाई, मी फक्त वायर जोडतो."

तो गेल्यावर तू मळ्याकडे बोट केलंस. "विहीर एकट्यानं खांदली होती काय?" आपली विहीर भाऊबंदांची, सामाईक. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्याने वाफे ओलवायचे, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. नेटही तसंच घेऊ म्हणालीस. आपली दोन घरं, शेवंताचं आणि मागच्या गल्लीतल्या रिटायर गुरुजींचं. गाव करी ते राव न करी, ही तुझी म्हण. आपला हात जगन्नाथ, ही माझी. मला माझ्या क्लाससाठी वेगळी जोडणी हवी होती. पण एकटीला ती झेपत नव्हती, म्हणून तुझं ऐकलं. जोडणी तुझ्या नावावर झाली.

आणि तू खरोखरच पाळी लावलीस! सकाळी तुझे बाजारभाव, मग गुरुजींच्या बातम्या, संध्याकाळी माझा क्लास, जेवणानंतर शेवंताची मालिका. भिंतीपलीकडून तुझा आवाज यायचा, "शेवंते, तुह्या वाफा भरला, बंद कर आता!" आणि शेवंता, जी नवऱ्याचं ऐकत नाही, ती मुकाट बंद करायची.

पण दुपारी मात्र कोणीच वापरायचं नाही, असा तुझा कायदा. उन्हाळ्यात दुपारभर मोटर बंद ठेवली की विहीर दम खाते, झरे वाहतात आणि संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा चढतं. नेटलाही तसाच दम खाऊ द्यायचा म्हणजे संध्याकाळच्या क्लासला भरपूर येईल, असं तुझं शास्त्र. मी किती वेळा समजावलं!

"बाई, नेट साचत नाही. ते काय विहिरीचं पाणी आहे?"

"मंग सांजच्याले कसं धो धो येते?"

"दुपारी कोणी वापरत नाही, म्हणून महिन्याचं माप पुरतं. ते साचत नाही, शिल्लक राहतं."

"साचनं अन् शिल्लक राहनं एकच त झालं!"

"एकच नाही!"

"तू शिकवतं कापड. पानी मी पाहतो."

पालथ्या घड्यावर पाणी. ते साचत नाही, बाई. तेव्हाही साचत नव्हतं, आजही साचत नाही. पण महिना संपेपर्यंत आपलं माप पुरायचं हेही खरं, आणि कमलला त्यानंतर एकही कापड वाया घालवावं लागलं नाही, हेही खरं. तुझं गणित चुकीचं आणि उत्तर बरोबर, याचा मला अजून राग येतो.

एकदा मात्र आपलं बिनसलं. लग्नसराईत माझ्याकडे काम वाढलं आणि मला दुपारीही क्लास घ्यायचा होता. मी म्हटलं, मी कसंही करून माझी वेगळी जोडणी घेते. तू हातातला विळा खाली ठेवलास. "वेगळं निघाचं असन त निघ." भाऊ वाटणी करून वेगळे निघतात ना, तो शब्द तू वापरलास. मी वायरीबद्दल बोलत होते आणि तू चुलीबद्दल ऐकलंस. तुला ते लागलं, हे मला दिसलं, म्हणून वेगळी जोडणी घेतली नाही. पण मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. कामाला नेट लागतं, आणि ते मागायला चार दारं ठोठावावी लागू नयेत, हे माझं म्हणणं. तूही मनात तेच म्हणत असणार, नाहीतर पुढच्या ग्रामसभेत तशी बोलली नसतीस.

काय बोललीस तू त्या दिवशी! पुरुषांची भाषणं झाली, रस्ता झाला, नाली झाली, आणि तू मागच्या रांगेतून उठलीस. "लाईट आनली, नळ आनला, मंग हे काहून नाही? आमी चार घरं मिळून घेतो, मान्य हाय. पण आमची पाळी संपली की घरच्या लेकरानं अभ्यास नाही करायचा काय? स्वस्त करा, साऱ्याईच्या घरी द्या." सरपंच हसत म्हणाले, "बाई, ते वरून येते." तू पटकन म्हणालीस, "वरून त पानीबी येते. आमी बांध घालून अडवतोच ना त्याले?" टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. तुला दिसलं नसेल, मी खांबामागे होते. गावात नेट स्वस्त झालं नाही अजून. पण आता ग्रामसभेत कोणी ना कोणी तो विषय काढतंच, आणि काढताना तुझंच वाक्य वापरतं.

आणि मग ते पालकाचे वाफे. तू वाकलीस आणि उठलीच नाहीस. वाशिमला दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाले सुधारेल, आणि तू थोडी सुधारलीसही. विशाल पुण्याहून येऊन तुझ्या उशाशी बसला होता. मी मळ्यात होते. तुझी भाजी तोडायची कोणी? तुझा व्हिडिओ कॉल आला. तोंड जरा वाकडं झालेलं, पण बोलणं तेच. "पाह्य वं, अठी दवाखान्यात नेट कसं धो धो येते! जराकसं घरी घेऊन येतो." मग म्हणालीस, "वांगे दाखव."

सिग्नल विहिरीच्या काठावर आणि वांगी मळ्याच्या पार त्या टोकाला. दोन पावलं पुढे टाकली की तू तुकड्या-तुकड्यांत दिसायचीस. पालक दाखवला, मेथी दाखवली. "वांगे?" तू परत विचारलंस. शेवटी मी फोन काठावरच्या दगडाला टेकवून ठेवला, धावत गेले, ओटीत मावतील तेवढी वांगी तोडली आणि धापा टाकत तुझ्यासमोर धरली. काळीभोर, टवटवीत, देठाला काटे असलेली. तू डोळे बारीक करून पाहिलंस आणि म्हणालीस, "तोडून कायले आनले? मले झाडावर पाहाचे होते." मी तिथेच मटकन बसले आणि इतकी हसले की पलीकडे तूही हसायला लागलीस आणि विशालही. तो तुझा शेवटचा हसणारा चेहरा. मला तो मिळाला. काठावर का होईना, तेवढं नेट होतं म्हणून मिळाला. त्या एका गोष्टीसाठी मी त्या वायरींचे, टॉवरचे, सगळ्यांचे उपकार मानते, आणि महाग असल्याबद्दल शिव्याही तितक्याच घालते.

तुला न सांगितलेलंही एक आहे. माझा क्लास तुझ्यामुळे चालला. हे तोंडावर कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू रोज सांबाराच्या जुडीबरोबर तेच ऐकवलं असतंस. आता ऐकव. मला चालेल.

सुतकात क्लास बंद ठेवला. बायकांना एवढंच कळवलं, काही दिवस क्लास नाही. का नाही, ते लिहायला घेतलं. तुझं नाव लिहिलं आणि पुढचं वाक्य लिहायला बोट धजेना. तेरवीला नेट गेलं ते महिना संपला म्हणून. कंपनीचा माणूस आला, हळहळला आणि म्हणाला, जोडणी बाईंच्या नावावर होती, आता दुसऱ्याच्या नावावर नवी घ्यावी लागेल. एकटीने घेतली तर क्लासची फी वाढवावी लागणार, आणि वाढवली की पहिली गळणार ती कमल. तिची बाही बसवायची राहिली होती. बाही न येणाऱ्या बाईला ब्लाउज कोण शिवायला देणार? आणि दसरा उलटून गेला होता.

मी शेवंताला आणि गुरुजींना ओट्यावर बोलावलं. जोडणी माझ्या नावावर घेऊ, पण चार घरांची राहू दे, म्हटलं. शेवंताने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाईचा दरारा होता. तुह्यं कोन ऐकन?" गुरुजी म्हणाले, वेळापत्रक करू. शेवंता म्हणाली, कागदाचं कोण ऐकतं. तुझी जागा रिकामी होती आणि तिथे बसायची कोणाची छाती नव्हती. मग शेवंताच म्हणाली, "पाळी मी ठेवतो. पन माह्या सिरियलच्या वक्ताले मले कोनी बोलाचं नाही." ठरलं. दुपारी नेट वापरायचं नाही, हेही तिने ठरवून टाकलं. मी म्हटलं, अगं, ते साचत नाही. तर म्हणते कशी, "बाई म्हने साचते." गुरुजींनीही मान डोलावली, बाई! इतिहास शिकवला त्यांनी आयुष्यभर, विज्ञान नाही, म्हणून सोडून दिलं. आता तुझ्या बाजूला तुझं धरून तीन घरं आहेत आणि माझ्या बाजूला मी.

नवी जोडणी झाली त्या संध्याकाळी क्लास सुरू केला. एकेक चेहरा उगवत गेला. कमलचा येईना. मी बाहीचं कापड घडी करून ठेवलं, परत उघडलं, परत घडी केली. गेली असणार, वाटलं. मग ती आली. तिच्या झोपडीसमोर, मागे शेळी बांधलेली. नमस्कार झाला आणि तिने विचारलं, "ताई, बाई कुठी हायत? आज शेंगा सोलून नाही राह्यल्या काय?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच ते वाक्य पूर्ण बोलले, बाई गेली म्हणून.

कमल हलेना. मला वाटलं, मेलं नेट परत अडकलं. पण तिच्या मागची शेळी मान हलवत होती, पाला खात होती. चित्र चालू होतं. कमलच तशी बसली होती. बाकीच्या बायकाही तशाच. कोणी फोन बंद केला नाही.

मग तिने ओढणीने नाक पुसलं. "ताई, आमच्या तांड्याची गाडी गेली परवा."

"आणि तू?"

"मी नाही गेली. लेकराईचे बाबा गेले. पोट्ट्याईची शाळा सुरू हाय." तिने मशीन पुढे ओढली. "तुमी बाही दाखवा."

बाही बसली, बाई. पहिल्याच वेळी, एकही चुणी न पडता.